कामाचं अंतर

खोक्यावर छापलंय: हजारपट.
बोलाचीच कढी.
आणि हजारपट करून बघायचंय काय मला,
डासाचा हिशोब?

ग्रीनॉकच्या माझ्या ओट्यावर, किटलीशेजारी,
तीन सूक्ष्मदर्शक. तिन्हींना यूएसबीची शेपटी.
दोन परत जाणार.
पंचेचाळीस पौंडांत एकच डोळा बसतो आमच्या,
आमच्या म्हणजे चर्चच्या तळघरातल्या
शनिवारच्या दुरुस्ती-टेबलाच्या.

पहिला पेनासारखा सडपातळ. चित्र देखणं.
पण बोर्डाला नाक टेकवल्याशिवाय
त्याला काही दिसत नाही.
मग सोल्डरिंगचं आयर्न घालू कुठून?
दुरून डोंगर साजरे ऐकलं होतं,
याचे जवळूनच.

दुसऱ्याला स्वतःचा पडदा, उंच मान, रुबाब.
मी हात हलवला.
पडद्यातला हात जरा मागून आला,
फोनवरच्या लेकासारखा:
मी विचारते, जेवलास का,
मग शांतता,
मग दोघं एकदमच बोलतो.
त्याच्यावर रागावता येत नाही, पण
साडेतीनशे अंशांचं टोक अशा हातात देत नाहीत.

तिसरा रूपाने उणाच.
लोखंडी पाय, निळं डोकं, स्क्रू फिरवताना करकर.
दिवे इतके भगभगीत की डाख दिसेना, नुसती चमक.
दिव्यांवर बेकिंगच्या कागदाची चकती चिकटवली.
उजेड निवला.
आणि भिंगाखाली चार बोटं मोकळी जागा.
हिला कामाचं अंतर म्हणतात,
सूचनांच्या कागदावर तसंच लिहिलंय.

भोसरीत आम्हाला असलं काही नव्हतं.
एकोणिसाव्या वर्षी भरतीला गेले,
साहेबाने सुई ओवायला लावली.
ओवली. लागले.
दिवसाला एकशेऐंशी रेडिओ,
दुपारच्या डब्यालाही राळेचा वास.
चाळिशी नाकावर आली
की बाई पॅकिंगला.
कुणी रडलं नाही. पगार तोच होता.
फक्त कुसुम वाकडे घरी जाताना
बाकाखालचं तिचं स्टूल
एकदा सरळ करून गेली.

साडेतीनला इशबेल आली, कोट ओला,
बिस्किटांच्या डब्यातून हिरवा बोर्ड काढला.
टेकडीवरच्या कारखान्यात बावीस वर्षं होती ती,
जिथे आता नुसतं गवत आणि एक बसथांबा.
शेवटच्या दिवशी खिशात घालून आणला म्हणाली,
चोरलाच म्हण.

तिसऱ्याखाली ठेवला.
पडद्यावर डाखांची ओळ उगवली,
एकेक कळशीच्या गळ्यासारखा
आत वळलेला, नितळ.
इशबेल काही बोलेना. चष्मा काढला, पुसला, घातला.
मी बोर्ड सरकवत गेले, ती मोजत गेली,
माझा, माझा, माझा,
आणि एकदम: हा माझा नाही.

राखाडी गोळा. कडेला भेग,
हिवाळ्यातल्या टाचेला असते तशी.

ही शीना, इशबेल म्हणाली.
हात जड, तोंड त्याहून जड,
मी आजारी होते त्या आठवड्यात माझ्या जागी बसली होती.
आयर्न तापलंच होतं. विचारलं, सुधारू?
नको, राहू दे.
गुरुवारी बिंगोला भेटते ती. सांगते तिला,
सदतीस वर्षांनी सापडलीस.

एवढी हसली की बोर्ड हलला,
पडद्यावर सगळी ओळ पळाली.

माझे रेडिओ कुठे असतील कोण जाणे.
एखाद्या माळ्यावर, एखाद्या भंगारात,
आणि त्यातला कुठला डाख माझा,
कुठला कुसुमचा,
मला ओळखता येईल का, असं मनात आलं,
आणि चहा उतू गेला.

ठरलं, तिसराच.
मग उरलेले दोन परत पाठवायला
दोघी बसलो, फोम, पिशवी, केबलची गुंडाळी,
टेप ओढला, तिने कात्री धरली.
एक कोपरा वाकडा नाही.

पॅकिंग आम्हाला दोघींनाही
छान जमतं.